ओम्नीचा क्लच, आप्पा आणि अडलेला तोडा



आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण टोमॅटोचा तोडा तिच्यावरच अडला होता, म्हणून इथंच लिहितो.

सोमवारी 24 क्रेट घेऊन नारायणगावला निघालो. चंदनापुरी घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन नुसतं ओरडायला लागलं, गाडी काही पुढं सरेना. जळका वास सुटला. पहिल्या गिअरवर कसाबसा घाट काढला, माल पोचवला आणि रिकामी गाडी हळूहळू घरी आणली. पुढचा तोडा गुरुवारी होता. दोन दिवस उशीर झाला की फळ झाडावरच लाल होतं आणि लांब माल पाठवणारा व्यापारी भाव पाडून मागतो.

गॅरेजवाल्याला शनिवारपर्यंत सवड नव्हती. आमचे चुलते आप्पा एसटी डेपोत मेकॅनिक होते. आता गुडघे गेलेत, गाडीखाली जाता येत नाही. म्हणाले, "हात तुझे, डोकं माझं. उतरव गिअरबॉक्स."

आधी त्यांनी केबल बघायला लावली. पेडल वर थोडं मोकळं खेळत होतं, म्हणजे केबल ताणलेली नव्हती. मग हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळू सोडायला सांगितला. इंजिन बंद पडायला पाहिजे होतं, ते चालूच राहिलं. प्लेट गेली हे नक्की झालं.

मंगळवारी बॅटरीची वायर काढली, चाकांना दगड लावले, गाडी उचलून खाली जाड लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, आणि विटांवर तर कधीच नाही, वीट न सांगता फुटते. गिअर ऑइल काढलं. प्रोपेलर शाफ्ट सोडायच्या आधी जोडावर रंगाची खूण केली, म्हणजे तो होता तसाच परत बसतो. क्लच केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, गिअरची जोडणी आणि स्टार्टर काढला. इंजिनाखाली फळी देऊन जॅक लावला आणि पोरगा नि मी मिळून गिअरबॉक्स सरळ मागं ओढून खाली घेतला.

प्लेटचं अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलेलं. फ्लायव्हीलवर तापल्याचे निळे डाग. ऑइल कुठं गळत नव्हतं, ते बरं झालं. धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, ती छातीत जाते. संगमनेरहून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट आणला. एवढं खोलल्यावर बेअरिंग जुनं ठेवणं म्हणजे पुन्हा खोलायची तयारी.

बुधवारी जोडणी. प्लेट बरोबर मध्यात धरायला सुताराकडून लाकडाची खुंटी करून घेतली होती. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. रात्रीचे दहा वाजले आणि गिअरबॉक्स शेवटच्या अर्ध्या इंचाला अडला. आत जाईना. पोरगा म्हणाला, "पप्पा, बोल्ट लावू, आवळत गेलं की ओढला जाईल." मीही पाना उचलला.

आप्पा खाटेवरनं ओरडले, "आरं थांब! बोल्टनं ओढलास तर गिअरबॉक्सचा कान तुटंल. मग गुरुवार बी गेला आन् महिना बी गेला. ज्या अर्थी जात न्हाई, त्या अर्थी चूक तुझी हाय."

चूक माझीच होती. खाली उतरवून बघितलं तर प्लेट थोडी खाली सरकलेली. बोल्ट ढिले केले, खुंटी घालून पुन्हा मध्यात घेतली, मग आवळले. गिअर टाकून, मागं शाफ्टचं टोक घालून जरा फिरवलं, दाते जुळले आणि गिअरबॉक्स हातानंच बसला. जोर लावावाच लागला नाही. गिअर ऑइल भरलं, केबल जुळवली आणि साडेबाराला गाडी अंगणात मागं-पुढं फिरली.

आता क्लच का गेला ते. 20 किलोचे 24 क्रेट म्हणजे जवळपास 480 किलो, वर मी आणि एक गडी. त्यात डावा पाय कायम पेडलवर. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरायची सवय. ट्रॅक्टरलाही तेच लागू आहे, भरलेली ट्रॉली अर्ध्या क्लचवर ओढली की प्लेट जळते. दोष गाडीला देण्यात अर्थ नाही.

गुरुवारी 16 क्रेट घेतले, बाकीचे शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये दिले. आप्पा हट्टानं शेजारी बसले, आवाज ऐकायचाय म्हणून. घाटात सवयीनं माझा पाय पेडलवर गेला. आप्पांनी गुडघ्यावर चापट मारली.

"पाय उचल."

तेव्हापासून उचलतोय. तुमच्या गाडीचा, ट्रॅक्टरचा क्लच किती वर्षं टिकला, आणि कशानं गेला, ते खाली लिहा.