पित्तनलिकेचा सांधा

यकृत प्रत्यारोपणात दात्याच्या यकृताच्या रक्तवाहिन्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना जोडून रक्तप्रवाह सुरू झाला की अगदी शेवटी पित्तनलिका जोडली जाते, आणि जंतुसंसर्गाच्या दृष्टीने हा शेवटचा सांधाच सर्वांत नाजूक ठरतो. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे मानवी यकृताचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतरच्या दशकात पित्तगळती, अडथळा आणि पित्तनलिकेचा जंतुजन्य दाह यांनी इतके रुग्ण दगावले, की केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी या जोडणीला प्रत्यारोपणाचे मर्मस्थान म्हटले.

निरोगी माणसाचे पित्त जवळजवळ निर्जंतुक असते. पित्ताचा सततचा प्रवाह जंतूंना खाली लोटतो आणि नलिका लहान आतड्यात उघडते तेथील स्नायूचे कडे आतड्यातील द्रव वर चढू देत नाही. इटलीतील रुग्गेरो ओड्डी यांनी १८८७ मध्ये वर्णन केलेले हे कडे म्हणजे जणू पित्तमार्गाची वेसच होय. दात्याची नलिका थेट रुग्णाच्या नलिकेला जोडली तर ही वेस शाबूत राहते. मात्र जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या बालकांत किंवा रुग्णाची नलिकाच रोगग्रस्त असल्यास, स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने आतड्याचा एक फाटा वर आणून त्यात नलिका सोडावी लागते. या फाट्याला वेस नसल्याने आतड्यातील जंतू यकृताकडे चढू शकतात. शिवाय पुढे सांधा आकसल्यास तोंडावाटे दुर्बीण घालून तेथवर पोहोचणे अवघड होते.

तरीही संसर्गाचे मूळ केवळ जोडणीच्या पद्धतीत शोधणे अपुरे आहे. नव्या यकृतातील पित्तनलिका रक्तासाठी मुख्यतः यकृताच्या धमनीवर विसंबून असते; ती धमनी गुठळीने बंद झाली तर नलिकेची भिंत मरते, पित्त झिरपते, साचते आणि साचलेल्या पित्तात गळू होते. काही वेळा सांध्यात ठेवली जाणारी रबरी नळी पित्ताला वाट देते खरी, पण तीच जंतूंचा आश्रयही बनू शकते, आणि ती काढताना पोटात गळती होण्याचा धोका असतो.

भारतात यशस्वी यकृत प्रत्यारोपणाची सुरुवात १९९८ मध्ये झाली आणि येथील बहुतांश प्रत्यारोपणे जिवंत नातलगाने दिलेल्या यकृताच्या तुकड्याने होतात. अशा तुकड्यात काही मिलिमीटर रुंदीच्या दोन-तीन नलिका वेगवेगळ्या जोडाव्या लागू शकतात आणि प्रत्येक सांध्याबरोबर जोखीम वाढते.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाचा ताप संसर्ग असूनही सौम्य राहू शकतो. म्हणून थंडी वाजणे, कावीळ किंवा अंगाची खाज ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी दिसली तरी किरकोळ मानू नयेत. केवळ प्रतिजैविके देऊन पित्तनलिकेचा हा संसर्ग कायमचा शमत नाही, कारण पित्त तुंबलेले असेपर्यंत जंतू पुन्हा वाढतात. पित्ताची वाट मोकळी करणे हाच उपचाराचा पाया आहे.