आजोबांचा दुसरा नळ

खिडकीतल्या कारकुनाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, तुमच्या घरावर नळ दोन आहेत. एकाची पाणीपट्टी भरलेली आहे. दुसऱ्याची एकोणीस वर्षं थकलीय."

दुसरा नळ म्हणजे परसातल्या गोठ्याचा. आजोबांनी गुरांसाठी घेतलेला. गुरं गेली तशी वडिलांनी तोटी काढली, पाइपाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली आणि आमच्या लेखी तो नळ संपला. नगरपालिकेच्या लेखी तो चालूच होता, कारण बंद करण्याचा अर्ज कोणी दिला नव्हता. "तोटी काढली म्हणून नळ बंद होत नसतो मॅडम. अर्ज द्यावा लागतो, मग आमचा माणूस येऊन मुख्य लाइनवरून तोडतो." त्यावर शास्ती चढलेली. ती भरल्याशिवाय थकबाकी नसल्याचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय नव्या नळाचा अर्जसुद्धा घेणार नाहीत.

उजनीच्या पाण्यावर जगणारं सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. तिथलं वडिलांचं माळवदाचं घर पाडून आम्ही बहीण-भावांनी सहा फ्लॅटची तीन मजली इमारत बांधली. सिमेंट, सळई, लिफ्ट, सगळ्याचा हिशेब धाकट्याने वहीत लिहिला होता. त्या वहीत पाण्याच्या नावाने एकच ओळ होती: विकास शुल्क, भरलं. बांधकाम परवानगीच्या वेळी 1966 च्या नगररचना कायद्याखाली ते भरावं लागतं, आणि सोयी-सुविधांसाठी असतं असं म्हणतात, म्हणजे त्यात नळ आलाच, असा त्याचा तर्क. तो त्याने खिडकीवर मांडलाही. कारकून शांतपणे म्हणाला, "साहेब, ते परवानगीचं. हे पाण्याचं." मला तेव्हा राग आला. पण माणूस बरोबर होता. चूक एवढीच की परवानगीच्या टेबलावर हे कोणी सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

मग अर्ज. सिटी सर्व्हेचा उतारा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र, परवानाधारक प्लंबरची सही. बांधकामाला आम्ही घरचं नळाचं पाणी वापरलं नव्हतं, बोअर आणि टँकरवर भागवलं होतं, हे त्यातल्या त्यात बरं झालं. शेजारच्या गल्लीत एकाने घरगुती नळावर स्लॅबला पाणी मारलं आणि दंड भरला.

किती इंची नळ मागायचा, हा खरा प्रश्न होता. केंद्राच्या नियमावलीत शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर पाणी धरलेलं आहे. सहा फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे 4,050 लिटर. पण आमच्याकडे पाणी दिवसाआड, तेही तासभर. तेव्हा एका पाळीत 8,100 लिटर साठायला हवं. जुन्या अर्धा इंची नळाखाली धाकट्याने पाडकामाआधी हौसेने 20 लिटरची बादली लावून वेळ मोजली होती, दीड मिनिट. तासाला 800 लिटर. म्हणजे गरजेचा दहावा हिस्साही नाही. इतकी वर्षं आम्ही सात माणसं त्यावर कशी राहिलो, याचं उत्तर आईच्या पिंपांमध्ये आणि हंड्यांमध्ये होतं.

"मग एक इंची घेऊ, दुप्पट पाणी येईल," मी म्हणाले. प्लंबर हसला. "ताई, दुप्पट नाही, चौपट. भोक गोल असतं." व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं. शाळेत तीस वर्षं मी मराठी शिकवलं, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याने पिशवीतून फेरुल काढून दाखवलं, मुठीत मावेल एवढा पितळी तुकडा. मुख्य लाइनवर सॅडल आवळतात, भोक पाडतात आणि त्यात हे बसवतात. आपण पैसे भरतो ते या भोकाच्या मापाचे. इथून पुढे घरापर्यंतची लाइन आपली, फुटली तरी दुरुस्ती आपली, ती रस्त्याखाली असली तरीसुद्धा. हे मला नवीन होतं. रस्ता नगरपालिकेचा, तर त्याखालचं सगळं तिचंच, असं मी धरून चालले होते.

धाकट्याचं म्हणणं, प्रत्येक फ्लॅटला वेगळा अर्धा इंची घ्यावा, भांडणं नकोत. पाणीपुरवठ्याचे अभियंता नाही म्हणाले. चार इंची लाइनला एका घरासाठी सहा भोकं पाडली तर पुढच्या घरांचं काय? शिवाय आमच्याकडे पाणीपट्टी वर्षाची आणि नळाच्या मापावर, तेव्हा सहा नळ म्हणजे सहा खाती. शेवटी इमारतीला मिळून एक इंची ठरला. बाकीचं बोअरवर.

चलन हातात आलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. जोडणी शुल्क, अनामत, मीटर हे सगळं मिळून जेवढं होतं त्याहून जास्त एकट्या रस्ता दुरुस्तीचं होतं. मुख्य लाइन गल्लीच्या पलीकडच्या कडेला आणि मधला रस्ता काँक्रीटचा. हा रस्ता आमच्या दुसऱ्या स्लॅबच्या वेळी झाला. धूळ गेली म्हणून आम्ही कामगारांना चहा पाजला होता. त्याच वेळी आडवा एक रिकामा पाइप टाकून ठेवला असता तर खोदाई लागलीच नसती, असं प्लंबरने आता सांगितलं. पलीकडच्या घरांना हा आकडा येतच नाही. त्यांच्या उंबऱ्याशी लाइन, आमच्या उंबऱ्याशी गटार. वर पावसाळ्यात खोदाई बंद, म्हणून जूनमध्ये पैसे भरून आम्ही ऑक्टोबरपर्यंत टँकरच घेत राहिलो.

ऑक्टोबरात रस्ता फोडला. नव्या नळाबरोबर आजोबांचा नळ तोडण्याचंही काम होतं, त्याचा अर्ज आणि फी वेगळी. परसाच्या बाजूला उकरलं तर माती चिखलासारखी. गंजलेला पाइप मध्येच फुटला होता आणि प्रत्येक पाळीला त्यातून पाणी झिरपत होतं. खुंटी टोकाला शाबूत होती. थकबाकी भरताना मी खिडकीवर बरंच काही बोलले होते, ते आठवलं. शेजारच्या काकू कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या मोरीच्या भिंतीला कायम ओल, तिच्यावर त्यांनी तीनदा गिलावा केला होता. आमच्याकडे बघून त्या काही बोलल्या नाहीत. मीच संध्याकाळी चहाला बोलावलं.

पहिली पाळी पहाटे पावणेपाचची. धाकटा हौदात उतरणाऱ्या पाइपाखाली तीच बादली घेऊन बसला, मी मोबाइलवर सेकंद मोजले. चौपटीच्या हिशेबाने बावीस-तेवीस यायला हवे होते. पस्तीस लागले. त्याने पुन्हा भरली. पुन्हा पस्तीस.

चावीवाला कोपऱ्यावर व्हॉल्व्हपाशी बिडी ओढत उभा होता. त्याला जाऊन विचारलं. त्याने हनुवटीनेच वरच्या आळीकडे खूण केली. "नळाला मोटारी लावल्यात सगळ्यांनी. त्यांचे हौद भरले की तुमच्याकडे जोर येईल. सव्वापाच-साडेपाचला बघा."

"आणि पाणी जातं कधी?"

"पावणेसहाला."