माळरानाची ध्वनिसाक्ष

वन्यजीवांवरील अनुबोधपट पाहताना प्रेक्षकाला जे ऐकू येते त्यातील बराचसा भाग चित्रीकरणाच्या वेळी त्या जागी मुद्रित झालेला नसतो, ही गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या कामात हयात घालवलेल्या माणसाने उघडपणे सांगावयास हरकत नाही; कारण तिच्या मुळाशी लबाडीपेक्षा पदार्थविज्ञानाचा एक साधा नियम अधिक आहे. लांब पल्ल्याचे भिंग दूर चरणाऱ्या काळविटाच्या पापणीची उघडझाप डोळ्यांपुढे आणून ठेवते, परंतु अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, आणि ज्या समोरच्या वाऱ्यामुळे काळविटाला आमचा वास लागत नाही तोच वारा ध्वनिग्राहकाच्या केसाळ वेष्टनावर आदळून बाकीचे सारे बुजवून टाकतो. अन्वस्त आकाराची तबकडी लावली तर चंडोलाची बारीक शीळ जवळ येते हे खरे; पण ज्या आवाजाच्या लहरींची लांबी तबकडीच्या व्यासाहून मोठी असते ते खालचे, घुमणारे स्वर तिच्या पकडीत येत नाहीत.

म्हणून मग चित्र रानातले आणि ध्वनी मुद्रणगृहातला, असा संसार मांडावा लागतो. खुरांसाठी करवंट्या, पंखांच्या फडफडाटासाठी चामडी हातमोजे, बर्फावरील पावलांसाठी मक्याच्या पिठाची पिशवी, ही साधने आमच्या धंद्यात सर्वमान्य आहेत, आणि ती वापरण्यात मला कधी संकोच वाटलेला नाही. काळवीट चालले हे पडद्यावर दिसतच असते. त्याच्या चालण्याला आवाज दिल्याने कोणाची फसवणूक होत नाही. प्राण्याच्या कंठाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. एखाद्या पक्ष्याचा आवाज एखाद्या माळावर ऐकू येणे म्हणजे तो पक्षी तेथे आहे, जोडीदाराला साद घालतो आहे, ह्या वस्तुस्थितीचा तो दाखला असतो, आणि खोटा दाखला जोडण्याचा अधिकार दिग्दर्शकाला नाही, संकलकाला नाही, मलाही नाही.

पाखराच्या आवाजाचे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने मुद्रण लुडविग कॉख ह्याने १८८९ साली जर्मनीत, लहान मुलगा असताना, मेणाच्या नळकांड्यावर केले, आणि तो पक्षी आपल्या सह्याद्रीतही गाणारा शामा होता. शामा पिंजऱ्यातला होता आणि तसे नमूद झालेले आहे, म्हणूनच त्या मुद्रणाचे मोल आजही उणे होत नाही. आमच्या काळात तर ह्या नमूद करण्याला निराळेच वजन आले आहे. माइक पांडे ह्यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरील व्हेल शार्कच्या शिकारीवर केलेला अनुबोधपट २००० साली आला आणि २००१ साली त्या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. चित्रपट सरकारदरबारी साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो हे त्याने दाखवून दिले. साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आली, आणि विरुद्ध पक्षाच्या हाती एक बनावट आवाज लागला तर बाकीचा सारा पंचनामा संशयास्पद ठरावयास वेळ लागत नाही.

हे सारे मला नान्नजच्या माळावर प्रकर्षाने पटले. सोलापूरजवळचे हे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले. दप्तरी त्याचे क्षेत्र एके काळी ८,४९६ चौरस किलोमीटर होते आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. हद्दीच्या ह्या वादात गावकऱ्यांचीही कैफियत खरी होती, ती येथे विस्ताराने सांगत नाही. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, ज्या पक्ष्यासाठी हा खटाटोप झाला तो अलीकडच्या काळात तेथे दिसलाच तर एखादा दिसतो, आणि विणीच्या हंगामात गळ्याखालची पिशवी फुगवून नर जो खोल हुंकार देतो तो मला त्या माळावर कधी ऐकावयास मिळाला नाही. निर्मात्याची सूचना होती की राजस्थानातले जुने मुद्रण मिळवावे आणि नान्नजच्या पहाटेवर चढवावे. प्रेक्षकाला काय कळते, असे तो म्हणाला. प्रेक्षकाला कळत नाही हेच तर माझे नकार देण्याचे कारण होते.

मग त्या पहाटेत उरले काय? पुष्कळ उरले. डोंबारी चंडोल उंच चढतो, पंख मिटून कोसळतो आणि त्या कोसळण्यातच लांब शीळ घालतो. कुसळीच्या वाळल्या गवतातून वारा सरकतो तेव्हा पवन्याच्या गवताहून कोरडा, किंचित धातूसारखा आवाज होतो. कुरणाच्या हद्दीबाहेर मेंढ्यांच्या गळ्यांतील घंटा आणि धनगराची हाळी ऐकू येते, आणि त्याहीपलीकडे विहिरीवरच्या मोटारीची घरघर. संकलक सवयीने हे माणसांचे आवाज पुसून टाकतो, कारण रान म्हणजे निर्मनुष्य जागा अशी आमच्या चित्रपटांनी प्रेक्षकाची समजूत करून दिलेली आहे. पण दख्खनचा माळ मेंढरांच्या तोंडाखालीच शतकानुशतके माळ राहिला आहे, आणि त्या घंटा काढून टाकणे हेही मी खोट्या साक्षीतच धरतो. विजेच्या तारांचे तसेच. हवेत ओल असली की उच्चदाबाच्या वाहिनीखाली बारीक, अखंड तडतड ऐकू येते. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने त्याला समोरचे फार थोडे दिसते, आणि नराचे पंधरा किलोपर्यंत भरणारे धूड ऐन वेळी वळवता येत नाही. असा पक्षी त्या तारांवर आदळून मरतो, हे थरच्या वाळवंटात पुनःपुन्हा आढळून आले आहे. ती तडतड मी चित्रपटात ठेवली, आणि निवेदन तेवढ्यापुरते थांबवावयास लावले.

हुंकाराची जागा रिकामीच राहिली असती. पण जवळच्या एका वाडीत एका वृद्ध धनगराने, मी काही न विचारता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो काढून दाखवला. "असं घुमायचं बगा, पहाटंच्या पारी. मेंढरं बी मान वर करून ऐकायची." त्याची सून हसली, तेव्हा त्याने तो आणखी सावकाश, हनुवटी छातीत रोवून, पुन्हा काढला, आणि पावसाच्या आधीचा व पाऊस झाल्यावरचा ह्यांतील फरकही सांगितला. त्याच्या संमतीने मी ते मुद्रित केले, चित्रपटात त्याच्या चेहऱ्यासह ठेवले, आणि माझ्या वहीत स्थळ, तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा ह्यांखाली 'तोंडी साक्ष' अशी नोंद केली. राजस्थानचे मुद्रण पुढे एका प्रसंगी वापरावे लागले, ते स्थळ आणि साल पडद्यावर लिहून.

ज्यांनी तो हुंकार स्वतःच्या कानांनी ऐकला आहे अशी माणसे सोलापूर, करमाळा, कर्जत ह्या भागांत अजून आहेत. बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे. ह्या वर्षी पावसाआधी त्यांच्याकडे जावयाचे मी ठरवले आहे, आणि ज्या तरुण मुद्रकांपाशी यंत्र आहे त्यांनी आपापल्या तालुक्यात हेच काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.