मुरणे

लोणचे मुरते, मुरांबा मुरतो. मैफलीत बसणारा गवई मुरलेला हवा, असा रसिकांचा आग्रह असतो. आणि एखाद्या व्यवहारात लपवाछपवी असली म्हणजे तेथे कुठेतरी पाणी मुरते आहे, असेही आपण म्हणतो. काळाची कृपा आणि काळाआड दडवलेली लबाडी या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेने एकाच क्रियापदात सांगून ठेवल्या आहेत. या शब्दाचा पुरता अर्थ आम्हांस कळला तो मात्र आमच्या गावी नव्हे, तर फ्रान्समधील बोर्दो या नगरात. आणि तोही तांबड्या वाईनच्या पेल्यात.

विषय पाहून काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल, हे आम्ही जाणतो. आमचे घर फोंडा महालातले. देवळाच्या घंटेवर घरातली कामे चालत. मडगावास आजोळी गेलो म्हणजे शेजारच्या ख्रिस्ती घरात नाताळच्या दिवशी पोर्तुगालहून आलेली वाईन ओतली जाई. हे १९६१ पूर्वीचे. तिचा वास कुंपण ओलांडून येई, ती स्वतः कधी आली नाही. द्राक्षासवाची बाटली मात्र वडिलांच्या कपाटात कायम असे. गावचे वैद्य द्राक्षांचा काढा, गूळ आणि धायटीची फुले मडक्यात घालून त्याचे तोंड मातीने लिंपून ठेवीत. नवे मद्य जड व जुने हलके, असे चरकसंहितेत सांगितले आहे, हेही प्रथम त्यांच्याच तोंडून ऐकले. तेव्हा मद्य मुरते ही कल्पना आम्हांस अगदीच परकी नव्हती.

पुढे आम्ही रसायनशास्त्र शिकलो, बडोद्यास नोकरीस लागलो, आणि कारखान्याच्या कामानिमित्त १९९० साली प्रथम बोर्दोस गेलो. तेथील एका सहकाऱ्याशी स्नेह जमला. त्याच्या सासऱ्यांचा मेदोक प्रांतात लहानसा द्राक्षमळा होता. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या काळी तेथील उत्तम मद्यांची जी प्रतवारी ठरली, तिच्यात या मळ्याचे नाव नव्हते. तरी घरची वाईन नेकीची होती. स्नेह्याला १९८६ साली मुलगा झाला. त्याच सालच्या वाईनच्या १२ बाटल्यांची एक पेटी त्याने तळघरात ठेवून दिली होती. मुलगा वाढेल तशी वाईन वाढेल, आणि अधूनमधून एकेक बाटली उघडून दोघांची प्रगती पाहायची, असा त्याचा संकल्प होता. आम्ही जेवायला गेलो तेव्हा त्यांतली एक आमच्यासाठी उघडण्यात आली. आतिथ्याचा अव्हेर होऊ नये म्हणून पेला हाती घेतला, असे सांगितले तर ते अर्धसत्य होईल. उरलेले अर्धे कुतूहल होते.

बोर्दोची तांबडी वाईन सहसा एका जातीच्या द्राक्षाची नसते. या पेटीत ६० टक्के कॅबर्ने सोव्हिन्यों, ३० टक्के मर्लो, आणि उरलेल्यात कॅबर्ने फ्रां व थोडी पेती व्हर्दो होती. या मेळणीला तेथे ‘असांब्लाज’ म्हणतात. तिच्यामागे शेतकऱ्याचे जुने शहाणपण आहे. अटलांटिक महासागर जवळ. हवेचा भरवसा नाही. मर्लोला कोंब लवकर फुटतात, म्हणून वसंतातले हिम तिला गाठते. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते, म्हणून शरदातल्या पावसात सापडते. दोन्ही लावल्या की एक साल एकीने राखावे, दुसरे दुसरीने. चवीतही तसेच. कॅबर्नेचे फळ लहान आणि जाड सालीचे. ती तुरटपणा देते, कणा देते. मर्लो मऊ, मांसल; ती कण्यावर अंग भरते.

चार वर्षांच्या त्या वाईनचा रंग जांभळे खाल्ल्यावर जिभेवर राहतो तसा होता. वासात पिकली करवंदे, जांभळे, थोडी हिरवी ढब्बू मिरची, आणि ओकच्या पिंपाचा भाजलेल्या लाकडासारखा दरवळ. २२५ लिटरच्या त्या पिंपांत ती दीड वर्ष राहिली होती. येथवर सारे ठीक. परंतु घोट घेतला मात्र, आणि कच्ची सुपारी चावल्याप्रमाणे हिरड्या आवळल्या, जीभ कोरडी पडली. “हे तर औषध आहे,” आम्ही म्हणालो. स्नेही हसला. १९८६ चे साल मेदोकात तुरटपणाबद्दल प्रसिद्धच आहे. तो म्हणाला, “आज गोड लागली असती तर दहा वर्षे टिकली नसती. तुरटपणा हे तिचे हाड आहे. थांबा.”

थांबण्याचा उपदेश आम्हांस त्या काळी फार मानवला. कारण घरी आम्ही एक भांडण मागे ठेवून आलो होतो. १९८७ साली दीर्घ आजारानंतर वडील वारले. पुढच्या वर्षी दादांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनी, आम्हांस न विचारता कुळागर विकले. पोफळी, माड, मिरीचे वेल, सारेच गेले. आम्ही बडोद्याहून आलो आणि देवळाच्या अग्रशाळेत, चार महाजनांसमक्ष, त्यांना लबाड म्हणालो. दादा काही बोलले नाहीत. उपरणे झटकून उठून गेले. तेव्हापासून दोन्ही घरांतले बोलणे बंद. जत्रेला पालखीच्या एका बाजूस ते, दुसऱ्या बाजूस आम्ही.

१९९४ साली जुन्या पेटीत मुंबईच्या एका रुग्णालयाच्या पावत्या सापडल्या, आणि त्यांखाली दादांनी काढलेल्या कर्जाचे कागद. आम्ही बडोद्याहून जे पैसे पाठवीत होतो, त्यांतून औषधांचाही खर्च भागत नव्हता. कुळागराचे पैसे कोठे गेले ते त्या दुपारी कळले. दुसऱ्याच दिवशी जाऊन दादांचे पाय धरायला हवे होते. आम्ही गेलो नाही. एवढी कटुता लगेच कशी जाईल, काही वर्षे जाऊ द्यावीत, मुरू द्यावे, असे आम्ही स्वतःला समजावले. बोर्दोचा तो उपदेश आम्ही सोयीस्करपणे उसना घेतला होता.

१९९५ साली पुन्हा तिकडे जाणे झाले, तेव्हा पेटीतली वाईन चक्क मुकी झालेली आढळली. फळाचा वास गेला होता, नवा कोणता आला नव्हता. तुरटपणा मात्र जागच्या जागी. या अवस्थेला तेथे ‘मिटली आहे’ असे म्हणतात. कोणतीही वाईन केव्हा मिटेल आणि केव्हा उमलेल, याचे गणित रसायनशास्त्राला अजून नीटसे मांडता आलेले नाही. बाटलीत काय चालते ते मात्र बरेचसे ठाऊक आहे. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून आलेली तुरट द्रव्ये टॅनिन या नावाने ओळखली जातात. ती एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जुळत जातात, त्यांच्या लांब साखळ्या होतात, आणि काही जड होऊन गाळाच्या रूपाने तळाशी बसतात. म्हणून रंग जांभळ्याकडून विटकरीकडे जातो आणि तुरटपणाची धार बोथट होते. बुचातून अत्यल्प प्राणवायू आत शिरतो. वाईनच्या मुरण्यात प्राणवायूचा भाग असतो, हे लुई पाश्चर यांनी १८६६ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. ते बूच बहुधा पोर्तुगालच्या ओकच्या सालीचे असते. ही साल झाडावरून नऊ वर्षांनी एकदाच काढतात. नाताळातल्या त्या शेजाऱ्यांच्या बाटलीचे बूच आम्हांस आठवले.

मग आले २००४ साल. मुलगा १८ वर्षांचा झाला होता. स्नेह्याने सकाळीच बाटली उभी करून ठेवली होती. रात्री तिच्या मानेमागे मेणबत्ती धरून त्याने वाईन दुसऱ्या काचपात्रात हळूहळू ओतली, आणि उजेडात गाळाची पहिली रेघ दिसताच हात थांबवला. रंग आता कोकमाच्या आगळासारखा, कडेला विटेची छटा. प्रथम देवदाराचा वास आला; मग तंबाखूच्या पानाचा, कमावलेल्या चामड्याचा, सुक्या अंजिराचा. अर्ध्या तासाने पेल्यातून जे वर आले त्याने आम्ही स्तब्धच झालो. पहिल्या पावसानंतर कुळागरात कुजत्या पानांखाली अळंबी उगवतात तेव्हा येतो तो वास, आणि त्याच्या मागोमाग सागवानी पेटीत ठेवलेल्या पोथ्यांचा. जिभेवर तुरटपणा होता, परंतु आता तो कच्च्या सुपारीचा नव्हे, तर विड्यातल्या मुरलेल्या सुपारीचा. घोट गिळल्यावर चव कितीतरी वेळ रेंगाळत राहिली. कॅबर्नेचा कणा कोठे संपतो आणि मर्लोचे मार्दव कोठे सुरू होते, हे शोधूनही सापडेना.

आम्ही तसे म्हणताच स्नेह्याने एक नवल सांगितले. १९९७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी आनुवंशिक द्रव्य तपासून सिद्ध केले की कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांचे अपत्य आहे. आणि मर्लोचाही एक जनक तीच कॅबर्ने फ्रां. “म्हणजे ही सावत्र भावंडे,” तो म्हणाला. “वेलावर एक हट्टी, एक मऊ. एका बाटलीत १८ वर्षे कोंडली, तेव्हा जमले.” ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या चिरंजीवांनी एक घोट घेऊन विनयाने सांगितले की आपल्याला बियर अधिक आवडते. सारे हसले. आम्हीही हसलो, परंतु पोटात कोठेतरी कळ उठली. परत आल्यावर दादांना पत्र लिहायला घेतले. चार ओळी झाल्या, आणि पुढच्या जत्रेला प्रत्यक्षच भेटू म्हणून कागद ठेवून दिला. त्या जत्रेला दादा आजारी होते. पुढल्या जत्रेला आम्ही गेलो नाही.

पेटीतली शेवटची बाटली २०१६ च्या ऑक्टोबरात उघडली. आम्ही निवृत्त झालो होतो. स्नेह्याने मुलाच्या तिसाव्या वर्षासाठी मुद्दाम बोलावले होते. ओतताना मेणबत्तीच्या उजेडात रंग तपकिरीकडे झुकलेला दिसला. पहिली दहा मिनिटे अपूर्व होती. वाळल्या गुलाबाचा, देव्हाऱ्यातून काढलेल्या निर्माल्याचा असा मंद वास. तुरटपणा पार विरघळलेला. पण त्याच्याबरोबर फळही विरघळले होते. उरली होती ती आंबट, सडसडीत चव. वाईनमधले आम्ल काळाने फारसे उणावत नाही. फळ आणि अंग गेले की तेच पुढे येते. बघता बघता वास उडाला, आणि अर्ध्या तासात पेल्यात रंगीत आंबट पाणी राहिले. “दोनतीन वर्षांपूर्वी उघडायला हवी होती,” स्नेही म्हणाला. “योग्य दिवस कसा ओळखावा?” आम्ही विचारले. “ओळखता येत नाही. म्हणून तर १२ घेतो. एकेक उघडून पाहतो. ज्याच्यापाशी एकच असेल त्याने थोडी लवकरच उघडावी. कच्ची लागली तरी चव तर कळते.”

आमच्यापाशी भाऊ एकच होता.

डिसेंबरात आम्ही गावी गेलो. वहिनींनी दार उघडले, काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. दादा सोप्यावर आरामखुर्चीत बसले होते. “तूं केन्ना आयलो? जेवलो रे?” त्यांनी विचारले; आवाजात राग नव्हता. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच आम्हांस उद्देशून आलेले ते शब्द ऐकून आम्हांस भरून आले. वहिनी हळूच म्हणाल्या, “दोन वर्षे झाली. माणसे ओळखतात, पण मधले काही राहिलेले नाही.” अग्रशाळा नाही, महाजन नाहीत, आमचा शब्द नाही. तो राग तळाशी बसला होता, आणि त्याच्याबरोबर ज्यांची क्षमा मागायची ते दादाही.

मद्याच्या अंगी तुरटपणा, आम्ल, रंग असे काही तरी असते, म्हणून ते मुरते. क्षमायाचनेत मुरण्यासारखे काहीच नसते. ती ताजीच द्यावी लागते, देवापुढच्या फुलासारखी. एवढे कळायला आम्हांस परदेशातल्या एका पेटीच्या चार बाटल्या लागल्या.

तरीही आम्ही त्यांच्या पायाशी बसलो आणि सारे सांगितले. पावत्या सापडल्या ते, २२ वर्षे गप्प राहिलो ते. दादांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आमच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, यंदा कुळागरातली सुपारी पाडली की नाही.

“पाडली,” आम्ही म्हणालो.