आजोबांचा जॅकपॉट, मुक्काम पोस्ट खुलताबाद

‘वीकेंडला खुलताबादला चाललेय,’ असं मित्रमंडळींना सांगितलं की एकच प्रतिक्रिया येते. ‘म्हणजे वेरूळला ना?’

नाही बाबांनो, खुलताबादला! वेरूळच्या अलीकडे चार किलोमीटरवर एक गाव लागतं. लेणी गाठायच्या नादात तुमची टॅक्सी ज्याच्या पोटातून हॉर्न वाजवत निघून जाते, ते हे गाव. माझं आजोळ.

या वेळी मात्र मी नुसती हुरडा खायला नव्हते चालले. बॅगेत रंगाचे दोन मऊ ब्रश, जुना टूथब्रश, कापूस आणि कान साफ करायच्या काड्यांचं पाकीट होतं. मामाला माळ्यावर आजोबांचा खिळ्यांचा पाट सापडला होता, आणि तो विकत घ्यायला पुण्यातलं गिऱ्हाईक तयार होतं. गिऱ्हाईक मीच शोधलेलं. एक मित्र नवा कॅफे टाकतोय. भिंतीवर जुने रेडिओ, टेबलाखाली शिलाई मशीनचे पाय, असा एकदम ‘व्हिंटेज’ मामला. पाटाचा फोटो बघितल्यावर पाच मिनिटांत त्याचा मेसेज आला : पंधरा हजार देतो, फक्त चकाचक करून दे.

खिळ्यांचा पाट म्हणजे काय, हे कळायला तुमचं बालपण जत्रेत गेलेलं हवं. अडीच फुटांची सागवानी चौकट, आत प्लायवूड, त्यावर ठोकलेले शेकडो पितळी खिळे. उजव्या कोपऱ्यात स्प्रिंगची दांडी. ती ओढून सोडली की लोखंडी गोळी सुसाट वर जाते, वळणावरून फिरते आणि खिळ्यांवर टण टण आपटत खाली येते. खिळ्यांचीच अर्धगोल घरं केलेली. दहा, वीस, पन्नास आणि बरोब्बर मध्यभागी शंभर! शहरातल्या काही घरांत याचाच छोटा भाऊ ‘बॅगाटेल’ म्हणून असायचा.

आणि या खेळाचं खानदान एकदम इंटरनॅशनल आहे, बॉस! अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये उमरावांच्या दिवाणखान्यात याची सुरुवात झाली. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसाने स्प्रिंगच्या दांडीचं पेटंट घेतलं. पुढे त्याच घराण्यात पिनबॉल जन्माला आला. जपानमध्ये हा पाट भिंतीला टेकवून उभा केला, पुढे काच लावली आणि त्याचं नाव झालं पाचिंको. दुसऱ्या महायुद्धानंतर नागोया शहरातून त्याची अशी लाट उठली की अख्खा देश अकरा मिलिमीटरच्या गोळ्यांमागे वेडा झाला. अमेरिकेत आज हौशी मंडळी साठ-सत्तरच्या दशकातली जुनी निशिजिन मशिन्स खोलून, पुसून, पुन्हा चालू करत बसतात. आमच्या आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना खुलताबादचा उरूस ठाऊक होता.

उरूस ते हनुमान जयंती

घाट चढून पठारावर आलं की हवा बदलते. जानेवारीत तर सकाळी तोंडातून वाफ निघते. रस्त्याच्या कडेला पेरूच्या टोपल्या, मग जुनी तटबंदी, मग दर्ग्यांचे घुमट. गावाचं जुनं नाव रौजा. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जरजरी जरबक्ष हे चौदाव्या शतकातले सूफी इथे आहेत. ज्याने आमचं शहर वसवलं तो मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, त्याची कबर इथेच. आणि त्याच शहराला ज्याचं नाव मिळालं तो औरंगजेबही इथेच. शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं; आजी मात्र अजून ‘औरंगाबादची गाडी’च म्हणते. पलीकडे भद्रा मारुती. मारुतीराया इथे उभा नाही, चक्क आडवा झोपलाय. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून हजारो लोक पंचवीस किलोमीटर चालत दर्शनाला येतात.

आजोबांचं वर्षाचं कॅलेंडर या दोन टोकांवर उभं होतं. रबी-उल-अव्वल महिन्यात जरजरी जरबक्षांचा उरूस आणि चैत्रात मारुतीची जत्रा. दोन्हीकडे एकच पाट, एकच कंदील. चार आण्यात पाच गोळ्या. बेरजेप्रमाणे कंगवा, आरसा, साबणाची वडी. शंभरच्या घरात गोळी पडली तर थेट ट्रान्झिस्टर! तो दोरीने वर टांगलेला असायचा, सगळ्यांना दिसेल असा.

‘अकरा वर्षं टांगला होता बरं का,’ मामा अभिमानाने म्हणाला. ‘कुणाला लागलाच नाही. शेवटी आपल्याच घरात आला.’

तो ट्रान्झिस्टर आजही आजीच्या उशाशी आहे. सकाळची भक्तिगीतं त्यावरच लागतात.

चिंच नको, मामी!

पाट ओसरीत काढला. कोळिष्टकं, उंदराच्या लेंड्या, काचेवर बोटभर धूळ आणि खिळे काळेहिरवे पडलेले. मामी लगेच वाटीत चिंच आणि मीठ घेऊन आली. देवाची भांडी कशी लखलखतात, तसे खिळे करू म्हणाली. मी वाटी अक्षरशः ओढून घेतली. येण्याआधी थोडा होमवर्क केला होता ना! आंबट पाणी खिळ्याच्या मुळाशी झिरपतं, प्लायवूड फुगतं आणि मग खिळा हलायला लागतो. खिळा हलला की खेळ संपला.

म्हणून सगळं कोरडं. आधी काच सोडवली. मग मऊ ब्रशने वरून खाली धूळ झटकली. दोन खिळ्यांच्या मधे काडीला कापूस गुंडाळून, एकेक करत. चौकटीला किंचित ओलं फडकं आणि लगेच कोरडं. स्प्रिंग गंजून चिकटली होती. ती काढून रात्रभर रॉकेलच्या डबीत बुडवली, सकाळी तारेच्या ब्रशने घासली, मशीनच्या तेलाचा एक थेंब देऊन पुसून टाकली. तेल खिळ्यांना अजिबात लावायचं नाही. धूळ धरून बसतं. गोळ्या म्हणजे ट्रकच्या बेअरिंगमधले छर्रे. मामाच्या जुन्या मोज्यात मूठभर लाकडाचा भुसा आणि सगळ्या गोळ्या भरल्या, तोंड बांधलं आणि शेजारच्या पोरांना दिलं. ‘अर्धा तास हलवत बसा.’ असं फुकटचं लेबर कुठे मिळतं? गोळ्या आरशासारख्या निघाल्या.

आकड्यांचा ऑइलपेंट थोडा उडाला होता. मामा म्हणाला, ‘नवा मारू की, लालभडक!’ मी म्हटलं, राहू द्या मामा. जुनं ते जुनं दिसू दे.

हे बोलताना मला आदल्या संध्याकाळी बघितलेली कबर आठवली. औरंगजेबाने स्वतःची कबर साधी मातीची, उघड्यावर ठेवायला सांगितलं होतं. मातीवर सब्जाचं रोप आहे. पण भोवतीची संगमरवरी जाळी? ती विसाव्या शतकातली, लॉर्ड कर्झनच्या सूचनेनंतर निजामाने बसवलेली. बघणाऱ्याला वाटतं सगळं तेव्हाचंच. म्हणजे मूळ कुठलं आणि नंतरचं कुठलं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. २०२५ च्या मार्चमध्ये याच कबरीवरून राज्यभर वाद पेटला, गावात बंदोबस्त लागला आणि मामाच्या दुकानासमोर थांबणाऱ्या गाड्या एकाएकी आटल्या. तेव्हापासून दुकानाचं गणित बसलेलं नाही. पावसाळ्यात गळणारं छपरही तसंच. पंधरा हजार म्हणजे मामासाठी शोभेची वस्तू नव्हती.

टण!

रविवारी दुपारी पाट जोडला. मागच्या बाजूला विटेचा तुकडा देऊन उतार केला आणि मामाने पहिली गोळी सोडली. वीस. मग पन्नास. मग शून्य. पोरं भोवती गोळा झाली. एक गोळी मस्त मधोमध उतरली, शंभरच्या तोंडावर आली आणि... टण! बाहेर. ‘अरेरे!’

दुसरीही तशीच. तिसरीही. मी काच काढली आणि गोळी हातानेच शंभरच्या घराशी नेली. जाईना! तोंडावरचे दोन खिळे एकमेकांकडे किंचित झुकलेले होते. इतके किंचित, की डोळ्याला कळू नये. गोळी दोन्ही खिळ्यांना टेकून तिथेच अडून बसली. वर्षानुवर्षांच्या वापराने वाकले म्हणावं, तर बाकी सगळे खिळे सुतासारखे सरळ.

ओसरी एकदम गप्प झाली. मामा ट्रान्झिस्टरकडे बघत होता.

जपानमध्ये यासाठी खास कारागीर असायचे. दुकान बंद झालं की रात्री छोटी हातोडी घेऊन येणार, कुठला खिळा केसभर आत, कुठला बाहेर. उद्या कोण किती जिंकणार, ते रात्रीच ठरायचं. त्यांना म्हणतात ‘कुगिशी’, म्हणजे खिळ्यांचा उस्ताद. हे वाचलं तेव्हा मला भारी कूल वाटलं होतं. आपल्या घरात असा उस्ताद निघाला की तेवढं कूल वाटत नाही.

‘मला ठाऊक होतं,’ आजी आतून म्हणाली.

ती उठून बाहेर आली, पाटाजवळ बसली. ‘लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळलं मला. एक पोरगं घरी जायचे पैसे हरलं आन् रडत बसलं. मी यांना विचारलं, त्यो ट्रान्झिस्टर कुणाला लागणार तरी हाय का? तर बोललेच नाहीत.’

‘मग?’

‘मग काय? चार लेकरं होती घरात. खिळा सरळ करा म्हणायची माझी टाप नव्हती. पण म्हणलं, हरलेल्या पोराच्या हातावर काहीतरी ठेवायचं. दर उरुसाला, दर जत्रेला मी शेंगदाण्याचे लाडू करून द्यायची. रिकाम्या हातानं कुणाला पाठवलं नाही.’

मग तिने बोटाने ते दोन खिळे चाचपले. ‘विकायचा तर विका बाबा. पण वर चिठ्ठी लावून द्या. शंभरच्या घरात गोळी जात नाही म्हणून.’

मी म्हटलं, ‘आजी, त्यापेक्षा खिळे सरळ करूया का?’

‘आता सरळ करून काय? तवाची पोरं परत येणारेत का?’

मी मित्राला फोन लावला आणि सगळी स्टोरी सांगितली. तो जोरात हसला. ‘परफेक्ट! मग शंभरला फ्री डिनर ठेवू. कुणाला लागणारच नाही!’

‘आणि आजीची चिठ्ठी?’

‘चिठ्ठी कशाला? मजाच जाईल ना यार.’

फोन स्पीकरवर होता. मामाने ऐकलं. तो थोडा वेळ छपराकडे बघत बसला. मी काही बोलले नाही. छप्पर माझं गळत नव्हतं.

‘नको म्हण त्याला,’ मामा म्हणाला. ‘चिठ्ठीसकट न्यायचा तर न्यावा. नाहीतर ऱ्हाऊ दे.’

पाट खुलताबादलाच राहिला. मी वहीच्या पुठ्ठ्यावर आजीचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि चौकटीला चिकटवलं. छपरासाठी मामाने पतपेढीतून कर्ज काढलंय. परवा त्याचा फोन आला होता. संध्याकाळी शाळा सुटली की ओसरीत पोरांची लाइन लागते म्हणे. चिठ्ठी सगळ्यांनी वाचलीय. तरी नेम मात्र शंभरवरच धरतात.

जायचं असेल तर...

* संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून वेरूळकडे जाणारी एसटी धरा. खुलताबाद साधारण २५ किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला आहेच.
* वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. म्हणजे मंगळवारी नुसतं खुलताबाद निवांत बघता येईल!
* शनिवारी भद्रा मारुतीला गर्दी असते. श्रावणातल्या शनिवारी तर विचारूच नका.
* दर्ग्यांत चपला बाहेर, डोकं झाकलेलं.

तुमच्या माळ्यावर असं काही सापडलं तर...

* पाणी, चिंच, पॉलिश पावडर लांब ठेवा. कोरडा मऊ ब्रश पहिला.
* खोलण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा.
* खिळा वाकडा दिसला तर लगेच पक्कड लावू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा.