अमिताभची उंची

बा माझ्याशी नऊ दिवस बोलला नाही. कारण ऐकाल तर हसाल दोस्तहो. मी त्याच्या तोंडावर म्हणालो, अमिताभ बच्चनला अॅक्टिंग येत नाही.

२०२२ चा मार्च. सूतगिरणीत माझी रातपाळी. रिंगखात्यात सूत तुटलं की सांधा मारायचा, पुढं सरकायचं, परत मागं यायचं, रात्रभर हेच. दोन वाजता चहाला बसलो तर 'झुंड'चा विषय निघाला. ४ मार्चला नुकताच लागलेला. आमच्या जॉबरनं फर्मान काढलं, असा नट पुन्हा होणे नाही. माझं टाळकं सटकलं. मी कवी माणूस, रद्दीतून किलोवर घेतलेली पुस्तकं वाचून शहाणा झालेला. म्हणालो, उंची आईबापानं दिली, डायलॉग सलीम-जावेदनी लिहिले, मारामारी फाइटमास्तरनं बसवली. ह्याचं सोताचं काय?

"आवाज," डॉफर पोरगा म्हणाला.

"आवाज नरड्याचा. मेहनत कुठाय?"

सकाळी घरी जाऊन हेच बासमोर ओकलो. बा भाकरी खात होता. त्यानं हात धुतले आणि उठून गेला.

माझं म्हणणं उगाच नव्हतं. बलराज साहनी 'दो बिघा जमीन'साठी (१९५३) कलकत्त्यात रिक्षा ओढायला शिकला. 'आक्रोश'मध्ये (१९८०) ओम पुरी जवळजवळ सबंध पिच्चर गप्प आहे, आणि त्या गप्प राहण्यानं आपल्याला घाम फुटतो. ह्या दोघांची कीर्ती किती? आणि अमिताभची किती? 'दीवार' (१९७५) घ्या. गोदीतला हमाल. खांद्यावर दोरी, निळा सदरा, दंडावर ७८६ चा बिल्ला. पण हमाली पडद्यावर किती दिसते? थोडीच. बाकी गुंडांची पिटाई आणि मग सूटबूट. हमालाचे हात कसे असतात हे मला त्या पिच्चरमध्ये दिसलं नाही. 'काला पत्थर' (१९७९) चासनाल्याच्या खाणीत १९७५ साली माणसं बुडून मेली त्यावर बेतलेला. तिथं हा खाणकामगार. पण निघतो कोण? जहाजाचा कप्तान! म्हणजे आमच्यात येऊन कोळसा उपसला तरी मूळचा तो वरचाच.

आणि ह्या विजयला जात नसते. विजय वर्मा, विजय खन्ना, विजय चौहान. गिरणीतल्या कामगाराला मात्र जात होती. माझा आजा मुंबईत त्रासनखात्यात होता. आपली माणसं बहुतेक तिथंच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि आपल्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. आजा त्याच्या कितीतरी नंतरचा, तरी त्रासनातच राहिला. ह्यातलं काय आलं हो पडद्यावर?

एवढं सगळं माझ्याकडं होतं. बाकडं एक फोटो होता. कान झाकणारे केस, बेलबॉटम, एक हात कमरेवर. लग्नाआधीचा बा. पत्र्याच्या ट्रंकेत कागदपत्रांबरोबर ठेवलेला.

दहाव्या दिवशी बा आपणहून बोलला. आईला वाटलं आता भांडण होणार. झालं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. २६ जुलैला बंगलोरला 'कुली'च्या शूटिंगमध्ये अमिताभच्या पोटाला मार लागला, मग त्याला मुंबईला आणलं. संपाचा तेव्हा सातवा महिना. आजीची जोडवीसुद्धा मोडून झालेली. आजा चौदा वर्षांच्या बाला घेऊन वरळीच्या बीडीडी चाळीतून ब्रीच कँडीपर्यंत चालत गेला. बसला पैसे नव्हते. हाजीअलीला दोघं पाणी प्यायले. दवाखान्याबाहेर गर्दी होती, तीत जाऊन उभे राहिले.

मला राग आला. म्हणालो, घरात चूल नाही आणि तुम्ही त्या करोडपतीसाठी पायपीट करता? आजासाठी कोण उभं राहिलं होतं?

बा म्हणाला, "कोणी न्हाई. पर तू ऐक. संपात माझा बा नाक्यावर उभा ऱ्हायचा. खिशात हात, एक शबुद न्हाई. मी लांबनं बघायचो. पुढं 'काला पत्थर' बघितला, तवा वाटलं, ह्यो माझ्या बाला कुठं भेटला? तसाच उभा ऱ्हातोय. ओरडणं सोपं असतंय रं. वाट बघत उभं ऱ्हाणं सोपं न्हाई."

ह्याला मी काय उत्तर देणार? रद्दीतल्या पुस्तकात ते नव्हतं.

नंतर मोबाइलवर 'दीवार' पुन्हा बघितला, आवाज बंद करून. शंकराच्या देवळातला सीन. (आपलं देवाशी भांडणही नाही आणि दोस्तीही नाही, ते सोडा.) आवाज नसताना मान आणि डोळे बघितले. माणूस मोडत होता आणि मोडतोय हे लपवत होता. हे लेखक लिहून देऊ शकत नाही, फाइटमास्तरही नाही. कबूल करतो. पण जेवढं काम तेवढीच कीर्ती, हे अजूनही कबूल नाही. वरचं जे आहे त्यात आजासारख्यांची पायपीट आहे, रिकाम्या पोटाची, आणि तिचा हिशेब कुठल्याच खात्यात नाही.

सुट्टीच्या दिवशी बाला घेऊन 'झुंड'ला गेलो. नागराज मंजुळेचा पिच्चर. नागपूरच्या विजय बारसेंनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, त्यावरचा. इथंही नाव विजयच, विजय बोराडे! पण हा विजय कुणाला मारत नाही. पोरं आपापली कथा सांगतात आणि हा ऐकतो. ऐकतानाचं त्याचं तोंड बघा. मला वाटतं त्याचं सगळ्यात चांगलं काम ते आहे. कोर्टात मात्र लांबलचक भाषण पुन्हा त्याच्याच तोंडी. च्यायला, पासपोर्ट अडलाय पोराचा, बोलणार प्राध्यापक! मंजुळेचा तेवढा राग आला.

भीमजयंतीच्या सीनमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं अमिताभ हात जोडून उभा. मागच्या रांगेतून जयभीमची आरोळी आली. मी बाकडं बघितलं. तो शिटी मारेल असं वाटलं होतं. तो अमिताभकडं बघतच नव्हता. तसबिरीकडं बघत होता.

एसटी स्टँडवर त्यानं विचारलं, "त्यो डॉन झालेला पोरगा कोण रं?"

"अंकुश गेडाम. नागपूरचा."

"पुन्यांदा सांग."

सांगितलं. पुढच्या वर्षी, २०२३ ला, त्या पोराला फिल्मफेअरचं नव्या नटाचं बक्षीस मिळालं. बानं मला गदागदा हलवून उठवलं आणि सांगितलं. रातपाळी करून नुकताच पडलो होतो. लई चिडलो.