गेल्या वर्षीची गाडी

२०२५ च्या जानेवारीत आमच्या घरात दोन कागद पंधरा दिवस या हातातून त्या हातात फिरत होते. दोन्ही एकाच शोरूमची कोटेशन. गाडी एकच, रंग एकच, सात जणांची पेट्रोल गाडी. फरक एवढाच की एक गाडी २०२४ च्या जुलैमध्ये तयार झालेली आणि शोरूमच्या यार्डात उभी असलेली. दुसरी २०२५ ची, महिन्याभराने येणारी. पहिली पासिंग, इन्शुरन्स सगळे धरून १० लाख ५२ हजारांना, दुसरी ११ लाख ३५ हजारांना. सत्तर हजारांची सूट आणि जानेवारीत वाढलेली किंमत मिळून ८३ हजारांचा फरक पडत होता.

ज्या घरात एवढी रक्कम सहज खर्च होते तिथे हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता. आमचे तसे नाही. आम्ही चिपळूणचे, पेठमापमध्ये राहणारे, एक छोटे दुकान चालवणारे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी दुकानात शिरले आणि अंगणातली गाडीही गेली. त्यानंतर सेकंडहँड गाडीवर दिवस काढले. ती लहान, आणि घरात माणसे सात : आम्ही दोघे, तीन मुले, अम्मी आणि फुफी. त्यात गेल्या वर्षापासून अम्मींचे डायलिसिस सुरू झाले, आठवड्यातून दोनदा. येताना त्यांना बसवत नाही, मागच्या सीटवर आडवे करावे लागते. त्यामुळे प्रत्येक फेरीला भाड्याची मोठी गाडी, फेरीचे चौदाशे रुपये. म्हणजे महिन्याला अकरा हजारांवर नुसते भाडे. गाडी हवी होती आणि लवकर हवी होती.

हाताशी पैसे होते १० लाख ८० हजार. त्यात भिशीचे होते, आंब्याचे होते, सेकंडहँड गाडी एक्सचेंजला देऊन येणारे होते. बँकेचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात अब्बा हयात असल्यापासून ठरलेले. व्याज द्यायचेही नाही आणि घ्यायचेही नाही. अब्बा गेले तरी तो नियम कायम आहे. शोरूमवाल्या मुलाने हप्त्यांचा तक्ता पुढे केला तेव्हा आम्ही तो हसून परत दिला. तेव्हा हिशेब साधा होता. २०२४ ची गाडी घेतली तर खिशात २८ हजार उरतात. २०२५ ची घेतली तर ५५ हजार कमी पडतात. आणि जूनमध्ये थोरल्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती.

कुवेतहून भाईजानचा फोन आला. त्यांचे मत पक्के होते. "गेल्या वर्षीचं मॉडेल घेऊ नका. विकायला गेलात की एक वर्ष आधीच खाल्लेलं असतं. ५५ हजार मी पाठवतो, कर्ज-ए-हसना समजा, जमेल तेव्हा द्या." भावाचे प्रेम त्यात होते. पण बिनव्याजी कर्ज झाले तरी ते कर्जच. फेडायची जबाबदारी खांद्यावर असतेच. शिवाय भाईजान जे 'मॉडेल' म्हणत होते ते तिकडचे. आखाती देशांत पुढच्या वर्षाचे मॉडेल आधीच्या वर्षीच बाजारात येते आणि नोंदणीच्या कार्डावर मॉडेलचे वर्ष असते. आपल्याकडे आरसीवर गाडी तयार झाल्याचा महिना आणि वर्ष असते, आणि नोंदणीची तारीख वेगळी असते. या दोन तारखांतला फरक आम्ही चांगलाच ओळखून होतो. तो आम्हाला महागात पडला होता.

पुरानंतर आम्ही जी सेकंडहँड गाडी घेतली ती ओळखीतल्या माणसाची होती. एकाच सफमध्ये नमाज पढणारे आम्ही. "सतराची गाडी आहे," एवढेच ते म्हणाले. आम्ही आरसी हातात घेतली, नोंदणीची तारीख पाहिली, फेब्रुवारी २०१७. समाधान झाले आणि २०१७ चा भाव दिला. २०२४ च्या डिसेंबरात ती एक्सचेंजला द्यायला गेलो, तेव्हा किंमत काढणाऱ्याने पहिल्यांदा निर्मितीचा महिना वाचला, मार्च २०१६. गाडी अकरा महिने कुठल्या तरी यार्डात उभी होती. त्याने २०१६ ची म्हणूनच भाव लावला. पहिल्या मालकाला तेव्हा नक्कीच सूट मिळाली असणार. पण ती त्याच्या खिशात राहिली आणि तिची भरपाई आम्ही केली. त्या माणसाने खोटे सांगितले नव्हते, फक्त खरे पूर्ण सांगितले नव्हते. आणि आम्ही वाचले नव्हते, ही आमची चूक.

म्हणून या खेपेला आम्ही घाई केली नाही. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, तीस वर्षे गाड्या उघडतात, खरेदी-विक्रीही करतात. त्यांच्याकडे दोन्ही कागद घेऊन गेलो. त्यांनी किमती पाहिल्याच नाहीत. आधी विचारले, "गाडी किती वर्षं वापरणार?"

आम्ही म्हटले, "चाचा, आमच्याकडे गाडी चालेल तोवर चालते. दहा-बारा वर्षं तरी."

"मग कसली काळजी? तीन वर्षांत विकणाऱ्याने चालू वर्षाची घ्यावी. तेव्हा एका वर्षाचा फरक साठ-सत्तर हजारांचा पडतो, मिळालेली सूट तिथेच जाते. दहा-बारा वर्षांनी गिऱ्हाईक इंजिन बघतं, पत्रा बघतं, आतून गंज बघतं. तेव्हा वर्षाचे दहा-पंधरा हजार. तुम्हाला सूट सत्तरची मिळतेय."

आणखी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि ती नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते, गाडी तयार झाल्यापासून नाही. वॉरंटीही गाडी ताब्यात मिळाल्यापासून सुरू होते. फक्त ते कागदावर लिहून घ्यायचे. म्हणजे यार्डातले सहा महिने त्या दोन्हींतून कमी होत नाहीत. कमी होतात ते पुढच्या विक्रीच्या भावातून.

पण 'सूट मिळते म्हणजे घ्यावी' असे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि ते का, हे आम्हाला आधीच एका शोरूममध्ये कळले होते. तिथे एक लहान गाडी पाहिली होती. गेल्या वर्षीची घेतली तर ४० हजार कमी. नीट विचारल्यावर कळले की गेल्या वर्षीच्या गाडीत एअरबॅग दोन आणि यंदाच्या गाडीत सहा. पुढच्या दोन एअरबॅग २०२२ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये कायद्यानेच असतात; बाजूच्या आणि खिडकीच्या वरच्या एअरबॅग कंपनीने दिल्या तर. तिथे आम्ही थांबलो. गाडी तीच असेल आणि फक्त वर्ष बदलले असेल, तर ती सूट वर्षाची आहे. पण गाडीच बदलली असेल, तर ती सूट आपल्या मुलांच्या बाजूला जे नाही त्याची आहे. मार्च २०२० मध्येही असेच झाले होते. बीएस-४ गाड्या भरघोस सुटीत मिळत होत्या, कारण १ एप्रिलपासून त्यांची विक्रीच बंद व्हायची होती. सूट कशाची आहे, हे आधी विचारावे.

आमच्या सात जणांच्या गाडीचे तसे नव्हते. दोन्ही वर्षांच्या माहितीपत्रकांच्या ओळी आम्ही समोरासमोर ठेवून वाचल्या. एअरबॅग तेवढ्याच, इंजिन तेच, ब्रेक तेच. यंदाच्या गाडीत सीटचे कापड वेगळे आणि पुढची जाळी काळी. काळ्या जाळीसाठी ८३ हजार द्यायला मन तयार होईना. त्या रात्री गेल्या वर्षीची गाडी घ्यायचे जवळजवळ ठरले.

जवळजवळ म्हणायचे कारण त्याच रात्री एक वेगळाच प्रश्न निघाला. शोरूमचा मुलगा निरोप घेताना म्हणाला होता, "भाभी, नंबर तर यंदाचाच पडणार. पंचवीसची गाडी म्हणून सांगा, कोण बघायला येतंय?" ते वाक्य आमच्या धाकट्याने उचलले. जेवताना तो म्हणाला, "दोस्तांना मी पंचवीसचीच सांगणार. आणि पुढे विकताना जाहिरातीत 'रजिस्ट्रेशन २०२५' लिहिलं की झालं. खोटं थोडंच आहे?"

आम्ही दोघे काही बोललो नाही. खरे सांगायचे तर आम्हाला ते वावगे वाटले नाही. मनात आलेच होते की नंबर पाहून पाहुणे विचारतील तेव्हा "यंदाचीच" म्हणायला काय हरकत आहे? सहा महिन्यांची तर गोष्ट.

अम्मी पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या. डायलिसिसच्या दिवशी त्या फार बोलत नाहीत. पण त्या म्हणाल्या, "शोरूमवाला सत्तर हजार कशाचे सोडतोय?"

"वर्ष मागचं म्हणून," धाकटा म्हणाला.

"म्हणजे ते सत्तर हजार त्या वर्षाचे. ते तुम्ही घेतलेत. उद्या विकताना तेच वर्ष लपवून पुढच्याकडून पुन्हा पैसे घेतलेत, तर ते कशाचे?" मग आमच्याकडे बघून, "त्या सतराच्या गाडीला तुम्ही काय म्हणत होतात, आठवतंय ना?"

आठवत होते. त्या माणसाबद्दल महिनाभर आम्ही घरात जे बोललो ते आठवले आणि मान खाली गेली. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगूनच विकावा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, दुकानात पाळतोही. पुरात भिजलेला माल आम्ही 'भिजलेला' म्हणून वेगळा मांडून विकला होता. मग गाडीच्या बाबतीत तेच आम्हाला इतके किरकोळ का वाटावे? कारण दुकानात गिऱ्हाईक समोर असते. गाडीचे गिऱ्हाईक दहा वर्षांनी येणार, त्याचा चेहरा आज दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी भाईजानना फोन करून सांगितले की आम्ही गेल्या वर्षीचीच घेतोय, पैसे नकोत, दुआ करा. ते जरा खट्टू झाले, पण मग म्हणाले, "ठीक आहे, गाडी नीट तपासून घ्या."

ते आम्ही केले. नंबर पडण्याआधी, म्हणजे पासिंग होण्याआधी, दिवसाउजेडी मिस्त्रीचाचांना घेऊन यार्डात गेलो. एकदा नोंदणी झाली की गाडी आपली, मग तक्रारीला धार राहत नाही. गाडीवरचा चेसिस नंबर फॉर्म २२ वरच्या नंबराशी ताडला. त्या फॉर्मवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. टायरवर शेवटचे चार आकडे पाहिले : २५२४, म्हणजे २०२४ च्या पंचविसाव्या आठवड्यातले. ते गाडीच्या महिन्याशी जुळत होते. बॅटरी मात्र उभी राहून उतरली होती; ती बदलून द्यायचे लिहून घेतले. चाचांनी बॉनेट उघडून वायरी बघितल्या, उंदराने कुरतडल्यात का. चटई उचलून खाली हात फिरवला, कुठे ओल किंवा गाळाचा वास आहे का. पावसाळाभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी, आणि आम्ही चिपळूणकर. ते पाहणे आम्हाला शिकवावे लागत नाही. किलोमीटरचा काटा १९ वर होता.

गाडी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात घरी आली. पहिली फेरी अर्थात दवाखान्याची. येताना अम्मी मधल्या सीटवर पाय पसरून झोपल्या, फुफी मागे बसल्या आणि आम्ही नेहमीपेक्षा हळू गाडी चालवली. भाड्याच्या गाडीवाल्याला तसे सांगायला संकोच वाटायचा. जूनमध्ये मुलीची फी वेळेवर भरली गेली, अल्हम्दुलिल्लाह.

पाहुणे विचारतात, "यंदाची का?" आमचा धाकटाच आता पुढे होऊन सांगतो, "नाही, जुलै चोवीसची. यार्डातली. सत्तर हजार सुटले." ऐकणारा बहुतेक वेळा पुढचा प्रश्न विचारतो, "कुठे, अजून आहे का एखादी?"

आरसी आणि इन्शुरन्सच्या फाइलमध्ये आम्ही एक कागद ठेवला आहे. त्यावर तीनच ओळी आहेत : गाडी तयार झाली जुलै २०२४, घेतली जानेवारी २०२५, सूट ७० हजार. खाली आम्हा दोघांच्या सह्या. दहा-बारा वर्षांनी आम्ही विसरलो किंवा आम्ही नसलो आणि गाडी मुलांनी विकली, तरी घेणाऱ्याच्या हातात आरसीबरोबर तो कागद पडावा. कागद घालून फाइल बंद केली त्या दिवशी अम्मींनी ती मागून घेतली, चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या आणि कपाटात आपल्या कपड्यांच्या शेजारी ठेवली. ती अजून तिथेच आहे.